मीटरवरचे ६० म्हणजे खरे किती? (आणि ॲव्हरेज काढताना होणारी गल्लत)

गरारी

पावसाळा सरला की दोन तक्रारी हमखास येतात. 'मीटर ६० दाखवतं, मोबाइल ५५ दाखवतो' ही एक, आणि 'म्हणजे ॲव्हरेजही खोटंच धरायचं' ही दुसरी. पहिली खरी आहे. दुसरी बहुतेक वेळा चुकीची, कारण वेगाची सुई आणि किलोमीटरचे आकडे एकाच डब्यात बसत असले तरी यंत्रं दोन आहेत.

केबलवाली गाडी घ्या. पुढच्या चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) मीटर गरारी, म्हणजे चाकाचे फेरे केबलला देणारं दातेरी चाक असतं, ते केबलच्या आतली तार फिरवतं. तार वर मीटरमध्ये एक लोहचुंबक फिरवते. त्या चुंबकावर ॲल्युमिनियमची वाटी असते, पण दोघं एकमेकांना कुठेही टेकत नाहीत. चुंबक फिरलं की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसाइतकी बारीक स्प्रिंग तिला परत खेचते. ही रस्सीखेच जिथे थांबते तिथे सुई. म्हणजे सुईचा आकडा चुंबकाची ताकद, स्प्रिंगचा ताण, झालंच तर ऊन-थंडी, यावर ठरतो.

किलोमीटरचं तसं नाही. तीच तार वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि दातेरी चाकांनी आकड्यांचे ड्रम फिरवते. दाते मोजलेले, त्यात ना चुंबक ना स्प्रिंग. तारेचे ठरलेले फेरे झाले की एक किलोमीटर पडला. त्यामुळे सुई ८-१० टक्के पुढे असलेल्या गाडीचा ओडोमीटर १-२ टक्क्यांच्या आत असू शकतो. सुईची चूक ॲव्हरेजमधून वजा करण्यात काही अर्थ नाही. ओडोमीटरची चूक वेगळी मोजा, तीच वजा करा.

फणसगरे

पटलं. पण सुई नेहमी जास्तच का दाखवते? नुसती चूक असेल तर कधीतरी कमीही दाखवायला हवी.

खाजणकाठ

ते झुकतं माप आहे फणसगरे, मुद्दाम ठेवलेलं. संयुक्त राष्ट्रांचा स्पीडोमीटरसाठीचा ३९ क्रमांकाचा नियम असं सांगतो: दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी नसावा, जास्त असला तर तो फरक खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किमी, याच्या आत असावा. गाडी खरोखर ४० ने जात असेल तर मीटरवर ४० ते ४८ काहीही चालतं. खरे ६० असतील तर ७० पर्यंत, ८० असतील तर ९२ पर्यंत. हा कारचा हिशेब. 

आता कंपनीच्या बाजूने बघा. टायर नवा-जुना असतो, हवा कमी-जास्त असते, प्रत्येक स्प्रिंग थोडी वेगळी. एवढं सगळं धरूनही सुई खऱ्याच्या खाली जाऊ द्यायची नसेल तर सरासरीच थोडी पुढे ठेवावी लागते. डिजिटल मीटरमध्येही हेच, फक्त तिथे वाढीव टक्केवारी सॉफ्टवेअरमध्ये भरलेली असते. आकडा डिजिटल आहे म्हणून खरा, असं अजिबात नाही.

शेवाळ

कारवाल्यांसाठी. स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातले आकडे इथून वाचता येतात) ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर वेग बघा. तिथे येणारा आकडा बऱ्याच गाड्यांत ही वाढ न लावलेला, कच्चा असतो. मीटर ८४, ओबीडी ८०, जीपीएसही ८० च्या आसपास, असं दिसलं तर गाडीला स्वतःचा वेग नीट माहीत आहे, तुम्हाला तेवढा वाढवून सांगते. तो आकडा पूर्णांकात येतो, त्यामुळे त्यात अर्ध्या किलोमीटरचा कीस काढू नका.

फणसगरे

तपासायचं कसं? परशुराम घाटात मोबाइल लावला तर आकडे वाट्टेल तसे उड्या मारतात.

खाजणकाठ

घाट ही तपासायची जागाच नव्हे. एका बाजूला उभी दरड, वर झाडी, दर ५० मीटरला वळण. उपग्रहाचा सिग्नल दरडीवर आपटून येतो, आणि मोबाइलचा आकडा सेकंदभर मागे असतो, तोवर तुम्ही वेग बदललेला असतो. कशेडीच्या बोगद्यात तर सिग्नलच नाही. आत दिसणारा वेग हा फोनने लावलेला अंदाज असतो.

जागा हवी सड्यावरची, म्हणजे कातळी पठारावरची. देवगड, राजापूर, रत्नागिरीच्या बाजूला कातळावरून जाणारे सरळ, सपाट तुकडे आहेत, वर मोकळं आभाळ. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना जा. टायर गार असताना हवा कंपनीच्या आकड्याइतकी भरा. मोबाइल हँडलवर घट्ट बसवा आणि उपग्रह पकडायला दोन-तीन मिनिटं द्या. मग मीटरवर ४० धरून किमान १५ सेकंद स्थिर चालवा आणि मागे बसलेल्याला जीपीएसचा आकडा लिहायला सांगा. तसंच ५० आणि ६० ला. परत येताना उलट दिशेने तेच. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

जीपीएस नको असेल तर घड्याळ लावा. किलोमीटरच्या दोन दगडांमधले सेकंद मोजा, ३६०० ला त्या सेकंदांनी भागा. ६४ सेकंद लागले तर वेग ५६.२५. पण मुंबई-गोवा महामार्गावर चौपदरीकरणात वळणं काढली, बायपास झाले, त्यामुळे एका दगडावर भरवसा ठेवू नका. सलग पाच-सहा दगडांचे सेकंद घ्या. एखादा फटकून वागत असेल तर दोष दगडाचा.

गरारी

खाजणकाठ यांनी वेगाचं सांगितलं, ओडोमीटरची तपासणी निराळी. तिला अंतर लांब हवं, ५० किमी तरी. ट्रिप शून्य करा, दर सेकंदाला नोंद घेणारं जीपीएस ॲप चालू करा, शेवटी दोन आकडे ताडून बघा. ओडोमीटर १०० आणि जीपीएस ९७.५ आलं तर तुमचा गुणक ०.९७५. मीटरवरून काढलेलं ४८ चं ॲव्हरेज खरं ४६.८.

दोन सापळे सांभाळा. ॲप पाच-दहा सेकंदांनी एक बिंदू टिपत असेल तर वळणाचा बाक सोडून सरळ रेघ मारतं, आणि नागमोडी रस्त्यावर अंतर कमी भरतं. ओडोमीटर बिचारा उगाच बदनाम होतो. दुसरा सापळा फक्त आपल्याकडचा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीत गाडी उभी असते, ओडोमीटर थांबलेला, पण मोबाइल खाडीचं अंतरही मोजत राहतो. फेरीच्या आधी ॲप थांबवा.

शेवाळ

टायरचं कुणीच बोललं नाही. मागे रुंद टायर टाकला की मीटर बोंबलतं, हे लक्षात ठेवा.

गरारी

थांबा, थांबा. आधी मीटरला फेरे कुठून मिळतात ते बघायचं. पुढच्या चाकावरून मिळत असतील, तर मागे ट्रॅक्टरचा टायर टाकलात तरी मीटरला पत्ता लागणार नाही. मागच्या चाकावर किंवा गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर सेन्सर असेल तरच मागच्या टायरचा संबंध.

हिशेब सोपा आहे. रुंदी गुणिले उंचीची टक्केवारी म्हणजे टायरची भिंत. भिंत दुप्पट करा, त्यात रिम मिलिमीटरमध्ये मिळवा (१७ इंची रिम ४३१.८). पुढे ८०/१००-१७ असेल तर व्यास ५९१.८ मिमी. त्याजागी ९०/९०-१७ टाकलात तर ५९३.८, फरक ०.३ टक्के, विसरून जा. पण दुकानदाराने 'तोच आहे' म्हणत ९०/१००-१७ चढवला तर ६११.८, म्हणजे ३.४ टक्के मोठा. आता प्रत्येक फेऱ्याला गाडी जास्त पुढे जाते आणि मीटर जुनाच हिशेब धरतं. वेग कमी दिसतो, किलोमीटर कमी पडतात. 'मोठा टायर टाकला आणि ॲव्हरेज पडलं' यातला एक भाग टायरच्या वजनाचा, पण एक भाग निव्वळ मोजणीचा असतो. कारला १८५/६५ आर१५ काढून १९५/६५ आर१५ लावला की असाच २.१ टक्क्यांचा फरक.

झिजलेल्या टायरचं उलट. कारच्या नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल, काढून टाकायची मर्यादा १.६. व्यास जवळजवळ १३ मिमीने घटतो, ६२० च्या टायरवर २ टक्के. तेवढे किलोमीटर जास्त पडतात आणि ॲव्हरेज फुकटात सुधारल्यासारखं वाटतं.

आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक. सेन्सर गिअरबॉक्सवर असलेल्या गाडीचा पुढचा १४ दातांचा स्प्रॉकेट काढून १५ चा घातला, तर चाक ७ टक्के जास्त फिरतं आणि मीटरला ते कळत नाही. झुकतं माप तिथेच संपतं, सुई खऱ्याच्या खालीही जाऊ शकते.

मालवणी खाजा

गाववाल्यांनू, ह्या सगळा बरा, पण माझ्या प्रश्नाचा उत्तर देवा. सुई ३० ते ५० च्या मधी थयथय नाचता, किलोमीटर मात्र बरोबर पडतत. गॅरेजवालो सांगता आख्खो मीटर बदल. मीटर बदलूचो की केबल?

गरारी

खाजाभाऊ, मीटरला हात लावू नका. आधी केबल. खारा वारा आणि पावसाळा मिळून केबलमधलं ग्रीस धुतात, तार गंजते, आणि मग ती सलग फिरत नाही: अडकते, पिळा साठवते, एकदम सुटते. तोच झटका सुईत दिसतो. फेरे एकूण तेवढेच होतात, म्हणून किलोमीटर बरोबर.

वरचा नट मीटरखालून हाताने सुटतो, जाम असेल तर पक्कड हलक्या हाताने. खाली हबपाशी स्क्रू किंवा क्लिप असते. आतली तार ओढून काढा, रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि काचेवर किंवा गुळगुळीत लादीवर लोळवा. सरळ लोळली तर ठीक. एखाद्या जागी उडी मारत असेल तर तिथे मोडा पडलाय, नवीन घ्या. दोन्ही चपटी किंवा चौकोनी टोकं बघा, कड गोल झाली असेल तरीही नवीन. बाहेरच्या नळीत पाणी शिरलं असेल तर ती उलटी टांगून रात्रभर निथळू द्या.

तारेला ग्रीस पातळ थरात, खालून वरपर्यंत, पण मीटरकडचा शेवटचा वीतभर भाग कोरडा ठेवायचा. घोटाळा इथेच होतो. तार फिरते तसं ग्रीस वर चढतं आणि मीटरमध्ये शिरून चुंबक आणि वाटीच्या फटीत बसतं. मग वाटी चुंबकासोबतच फिरू बघते, आणि गाडी सावकाश चालतानाही सुई १०० कडे झेपावते. तेव्हा मात्र गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरतं.

बसवताना केबलला तीव्र बाक देऊ नका. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा, कुठे ताणली जाते का. खालचं टोक खाचेत बसल्याशिवाय नट आवळायचा नाही. चाक हाताने फिरवत ढकललं की 'टक्' करून बसतं.

लक्षणांवरून ओळखायचं तर: सुई आणि किलोमीटर दोन्ही बंद असतील तर तार तुटली किंवा गरारी गेली. सुई चालते पण किलोमीटर पडत नाहीत, तर मीटरच्या आतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक गेलं. किलोमीटर पडतात पण सुई शून्यावर मेली, तर वाटी, स्प्रिंग किंवा सुईचा खिळा. गाडी उभी असताना सुई १५ वर अडकली, तर बहुधा कुणीतरी मीटर उघडून सुई चुकीच्या जागी दाबली आहे.

शेवाळ

यात पंक्चरवाल्यांचा अध्याय जोडा. पंक्चर काढल्यावर मीटर बंद पडलं की लोक केबल बदलतात, आणि पुन्हा बंद. मूळ कारण गरारीच्या आतल्या रिंगचे दोन कान. चाक बसवताना ते हबच्या दोन खाचांत बसले पाहिजेत. नुसतं चाक घुसवून अॅक्सलचा नट आवळला की कान चेपतात किंवा तुटतात. गरारीच्या घराला बाहेरून एक खाच असते, ती फोर्कच्या उंचवट्याला अडकवावी लागते. नाही तर घरच चाकाबरोबर फिरतं आणि केबल पिळून तोडतं. नट आवळायच्या आधी केबल वरून सोडून चाक फिरवून बघा. आतली तार फिरली तरच आवळा. अर्ध्या मिनिटाचं काम.

व्हाळातून (ओढ्यातून) गाडी काढली असेल तर गरारीचं झाकणही उघडून बघा. ग्रीस दुधाळ पांढरं झालं असेल तर पाणी गेलंय. पुसून नवं भरा, सील कडक झालं असेल तर बदला.

फणसगरे

केबलच नसलेल्या गाड्यांचं काय? डिजिटल मीटर मधूनच शून्य दाखवतं आणि पुन्हा चालू होतं.

खाजणकाठ

तिथे केबलच्या जागी सेन्सर, तो चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी रिंगचे दात मोजतो. आणि सेन्सरचे शत्रू तीन. पहिला कनेक्टर. खाऱ्या हवेत पितळी पिनांवर हिरवा थर चढतो. कनेक्टर सोडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, जोडताना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा ठिपका लावा. निम्म्या गाड्या इथेच बऱ्या होतात. दुसरा वायर, फोर्कजवळ वळते तिथे आतून तुटलेली. हँडल एका बाजूला वळवल्यावरच शून्य येत असेल तर हीच.

तिसरा आपल्या किनाऱ्याची खासियत. काळबादेवी, मालगुंडच्या पट्ट्यातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, सोबत चुंबकाला चिकटणारं मॅग्नेटाइट. किनाऱ्यावर गाडी घातली की ही वाळू सेन्सरच्या टोकावर दाढीसारखी जमते आणि तो दात मोजायला चुकतो. सेन्सर काढून मऊ फडक्याने पुसा, बसवताना रिंगपासूनची फट मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. मुळात किनाऱ्यावर गाडी घालूच नये. खाऱ्या वाळूने सेन्सरच्या आधी चेन आणि डिस्कचे बोल्ट खाल्लेले असतात.

तीन वायरींचा हॉल सेन्सर (चुंबकी क्षेत्रातला बदल टिपणारा) असेल तर मल्टिमीटरने तपासता येतो. इग्निशन चालू ठेवा, चाक अगदी हळू हाताने फिरवा, सिग्नल वायरवर व्होल्टेज वर-खाली होत राहिलं पाहिजे. पुरवठा येतोय, सिग्नल हलत नाही, तर सेन्सर गेला. सिग्नल हलतोय आणि मीटर गप्प, तर दोष पुढे. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा आणि शून्य वेग एकदमच आले तर चाकाच्या एबीएस सेन्सरपासून सुरुवात करा.

काचेत वाफ धरणं हा वेगळा विषय. मीटरच्या खाली बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलं तर वाफ बाहेर जाणार कुठून? भोक मोकळं करा. वरून सिलिकॉन थापू नका, पाणी आतच कोंडतं.

फणसगरे

आता ॲव्हरेजवर या. टाकी फुल करून फुल करायची, एवढंच ना?

शेवाळ

एवढंच, पण एका टाकीवर निकाल देऊ नका. नोझल आपोआप बंद होण्याची वेळ पंपागणिक वेगळी. गाडी साइड स्टँडवर की मधल्या स्टँडवर यानेही टाकीतली पातळी बदलते. १५० मिली इकडे-तिकडे सहज होतात. ५ लिटरवर ती ३ टक्के चूक. पण सलग चार वेळा फुल करून २० लिटरचा एकत्र हिशेब केला तर मधल्या भरण्यांतल्या चुका जिरून जातात, फक्त पहिलं आणि शेवटचं टोक उरतं: पाऊण टक्का. पंप तोच, स्टँड तोच, पहिला कट आला की थांबायचं. गळ्यापर्यंत भरून घेऊ नका.

पंपाचा संशय असेल तर ५ लिटरचं प्रमाणित माप मागा, ते दाखवणं पंपाला बंधनकारक आहे. त्यात २५ मिलीपर्यंतची तूट मर्यादेत धरतात, म्हणजे अर्धा टक्का.

गरारी

आणि एका बाजूच्या घाटावरून ॲव्हरेज सांगू नका. सावंतवाडीहून आंबोलीला चढताना सुमारे ६०० मीटर उंची गाठायची. १,२०० किलोच्या कारला तेवढं वर उचलायला ७ मेगाज्यूल लागतात. इंजिन त्यातलं चौथा हिस्सा कामाला लावतं असं धरलं तर २८ मेगाज्यूलचं पेट्रोल, म्हणजे पाऊण ते एक लिटर फक्त उंचीसाठी. दोन माणसांसह २६० किलोच्या मोटारसायकलला हेच २०० मिलीच्या आसपास. उतरताना त्यातलं थोडंच परत मिळतं, बाकी ब्रेकच्या उष्णतेत जातं. म्हणून जाऊन-येऊनचाच हिशेब.

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हा समजही सोडा. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये, थ्रॉटल बंद ठेवून उतरवली की इंजेक्टर पेट्रोल तोडतो. न्यूट्रलमध्ये आयडलिंगचं पेट्रोल जातच राहतं, वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

मालवणी खाजा

आणि ह्या इथेनॉलचा काय? लोक सांगतत, ॲव्हरेज पाव हिश्शान कमी झाला.

खाजणकाठ

पाव हिस्सा इंधनाच्या गणितात बसत नाही. पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१. दहा टक्क्यांचं मिश्रण ३०.९, वीस टक्क्यांचं २९.८. दहावरून वीसवर गेल्याने साडेतीन टक्के ऊर्जा कमी. निव्वळ पेट्रोलशी ताडलं तर ७ च्या आसपास. ५० चं ४८ होईल, ३८ होणार नाही. त्याहून जास्त पडलं असेल तर टायरची हवा, घासणारा ब्रेक, एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर बघा, आणि त्याआधी मोजणी बघा. जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि सील खराब होण्याचा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळा.

फणसगरे

जुनी गाडी घेताना किलोमीटर मागे फिरवलेत का, हे कळतं?

शेवाळ

मीटरवरून नाही, झिजेवरून. १५,००० किमी दाखवणाऱ्या गाडीचे पायदाणाचे आणि ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत असतील तर शंका घ्या. डिस्कच्या कडेला बोट फिरवा, नख अडकेल एवढी पायरी थोड्या किलोमीटरात पडत नाही. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. गाडीपेक्षा टायर नवे आणि किलोमीटर जेमतेम ८,०००, तर पहिले टायर गेले कुठे ते विचारा. सर्व्हिसच्या नोंदींमधले किलोमीटर तारखेप्रमाणे चढत जातात का तेही बघा.

मालवणी खाजा

गरारीनू, शेवटचा एक. घरात ग्रीस नाय. केबलीत इंजिन ऑइल सोडला तर चलात?

गरारी

नको. ऑइल पातळ, तारेवर टिकत नाही, ओघळून खाली गरारीत उतरतं. ड्रम ब्रेकच्या गाडीत गरारी ब्रेकच्या पॅनेलवरच बसलेली असते, आणि सील थोडं जरी थकलेलं असलं तरी तिथून ते लायनरवर जातं. सुई सरळ होईल आणि पुढचा ब्रेक लागणार नाही. लिथियम ग्रीसची लहान ट्यूब आणा. अंगठा आणि बोटामध्ये वाटाण्याएवढं घ्या आणि तार त्यातून एकदाच ओढा, तेवढं संपूर्ण केबलला पुरतं. वरचा वीतभर कोरडा ठेवायला विसरू नका.